मिथेन खाचरातून निसटला की कुपीतून?

भातखाचरावर पारदर्शक पेटी ठेवायची, तिच्या वरच्या नळीतून ठरावीक मिनिटांनी सिरिंजने वायू ओढायचा, तो काचेच्या छोट्या कुपीत भरायचा आणि कुपी प्रयोगशाळेकडे रवाना करायची, हे काम आता केवळ संशोधन केंद्रांच्या प्रक्षेत्रांपुरते राहिलेले नाही. आलटून-पालटून पाणी देण्याची पद्धत, थेट पेरणीचा भात, मिथेन खाणाऱ्या जिवाणूंची संवर्धके, कार्बन क्रेडिटचे करार अशा अनेक कारणांनी ही मोजणी शेतकऱ्याच्या बांधापर्यंत येऊन पोहोचली आहे आणि ती बहुधा विस्तार कार्यकर्त्याच्या हातून होणार आहे. पेटी किती उंच असावी, नमुना कोणत्या वेळी घ्यावा, कोणत्या यंत्रावर तपासावा यांवर प्रशिक्षणात तासन्‌तास चर्चा होते. कुपी आणि तिचे बूच मात्र भांडारातून जे मिळेल ते घेतले जाते. ही सवय महागात पडणारी आहे. समस्थानिक विश्लेषणासाठी घेतलेल्या वायुनमुन्यात बूच हे मोजणीच्या साधनांपैकीच एक असते, आणि मास स्पेक्ट्रोमीटर कितीही अचूक असला तरी त्याला कुपीत उरलेला वायूच मोजता येतो.

या मोजणीचे मोल भारताने एकदा अनुभवले आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने इतर देशांतील आकड्यांवरून अंदाज बांधून भारतातील भातशेतीच्या नावावर वर्षाला सुमारे ३७.८ दशलक्ष टन मिथेन लावला होता. १९९१ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या पुढाकाराने, डॉ. अशेष प्रसाद मित्रा यांच्या मार्गदर्शनाखाली, देशाच्या निरनिराळ्या भातप्रदेशांत प्रत्यक्ष मोजणीची मोहीम झाली, आणि आकडा सुमारे ४ दशलक्ष टनांवर आला. कोणत्याही युक्तिवादाने जे साधले नसते ते खाचरातून ओढलेल्या वायूने साधले. तेव्हा प्रश्न मिथेन किती, एवढाच होता. आजचा प्रश्न त्याहून नाजूक आहे: मिथेन कमी झाला तो मुळात तयारच झाला नाही म्हणून, की तयार होऊन मातीतच खाल्ला गेला म्हणून? या प्रश्नाचे उत्तर वायूच्या प्रमाणावरून मिळत नाही. त्यासाठी कार्बनच्या समस्थानिकांकडे जावे लागते.

निसर्गातील कार्बनचे बहुतांश अणू १२ वस्तुमानाचे असतात, सुमारे १.१ टक्के अणू १३ वस्तुमानाचे, म्हणजे किंचित जड असतात. हे गुणोत्तर एका ठरलेल्या प्रमाणाशी ताडून ‘दर हजारी’ या मापात सांगतात. हवेतील मिथेन या मापावर उणे ४७ च्या आसपास असतो. भातखाचरात तयार होणारा मिथेन त्याहून हलका, साधारण उणे ६० च्या आगेमागे असतो. मुळांभोवती आणि मातीच्या अगदी वरच्या थरात, जेथे थोडाफार प्राणवायू पोहोचतो, तेथे मिथेन खाणारे जिवाणू असतात. ते हलका मिथेन किंचित अधिक वेगाने संपवतात आणि मागे उरलेला वायू त्यामुळे जड होत जातो. म्हणजे मिथेनचे प्रमाण उतरले आणि त्याच वेळी समस्थानिक मूल्य उणे ६० वरून उणे ५५ कडे सरकले, तर जिवाणूंनी आपले काम केले असे अनुमान निघते. एखाद्या संवर्धकाची परिणामकारकता किंवा पाणी आटवण्याचा नेमका लाभ अशा अनुमानांवर ठरू शकतो.

अडचण अशी की सैल बूचही नेमके हेच चित्र काढते. कुपीच्या झाकणाखालच्या बारीक फटीतून किंवा सुईने पाडलेल्या छिद्रातून मिथेन बाहेर पडतो तेव्हा हलके रेणू अधिक चपळाईने जातात. हवेतून होणाऱ्या विसरणाचा नियम लावला तर हलक्या आणि जड मिथेनच्या वेगांतील हा फरक सुमारे १९ दर हजारी इतका येतो. जिवाणूंच्या भक्षणातील फरकाच्या बहुतेक मोजण्या १० ते ३० दर हजारीच्या पट्ट्यात पडतात. दोन्ही आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत की कुपीतून दहा टक्के मिथेन निसटला तर उरलेल्या वायूचे मूल्य सुमारे २ दर हजारीने जड होईल, आणि प्रमाणही दहा टक्क्यांनी उतरलेले दिसेल. अहवालात मग तो ‘जिवाणूंनी खाल्लेला’ मिथेन ठरेल. त्यात भर म्हणजे त्याच फटीतून प्रयोगशाळेतील हवा आत येते. तिच्यातील मिथेन खाचराच्या मिथेनपेक्षा जडच असतो, म्हणून तीही मूल्य त्याच दिशेने ढकलते. चूक दोन वाटांनी येते आणि दोन्ही वाटा शेतकऱ्याला व संशोधकाला हव्या असलेल्या निष्कर्षाकडेच जातात. आवडत्या निष्कर्षावर कोणी दुसऱ्यांदा शंका घेत नाही. त्यामुळे अशी चूक फार काळ टिकते.

यावर एक नेहमीचे उत्तर दिले जाते. गळती असली तरी ती उपचाराच्या आणि तुलनेच्या, अशा दोन्ही वाफ्यांच्या कुप्यांत सारखीच असणार; मग फरक तर खराच राहील. हे उत्तर दिसते तितके भक्कम नाही. खरीप भाताच्या हंगामात नमुने शंभर-सव्वाशे दिवस गोळा होतात आणि समस्थानिक विश्लेषणाची सोय मोजक्याच ठिकाणी असल्याने ते बहुधा हंगामानंतर एकदम पाठवले जातात. लावणीनंतरच्या आठवड्यातली कुपी तीन महिने वाट पाहते, कापणीपूर्वीची कुपी आठ दिवसांत यंत्रावर चढते. बूच झिरपत असेल तर सुरुवातीचे नमुने अधिक जड आणि शेवटचे कमी जड दिसतील, आणि हंगामभर जिवाणूंची क्रिया मंदावत गेली असा एक सुबक आलेख तयार होईल. तो आलेख खाचराचा नसून कपाटाचा असेल. एका गावातील कुप्या नव्या आणि दुसऱ्या गावातील धुऊन पुन्हा वापरलेल्या असल्या तरी असाच भास निर्माण होतो.

कीटकशास्त्राच्या क्षेत्रात समस्थानिकांचा वापर जुना आहे. बोंडअळीच्या पतंगाचा पंख तपासून ती अळी कपाशीवर वाढली की मक्यावर, हे सांगता येते, कारण मका, ज्वारी, ऊस यांसारख्या पिकांचा कार्बन उणे १२ च्या आसपास आणि कपाशी, भात, गहू यांचा उणे २७ च्या आसपास असतो. तो पंख कागदी पाकिटात वर्षभर पडून राहिला तरी त्यातील कार्बन तोच राहतो. घन नमुन्यांवर काम करून वायूच्या नमुन्यांकडे वळणाऱ्यांची फसगत येथेच होते. पाकिटाची बेफिकिरी ते कुपीलाही लावतात. त्यापेक्षा हवाबंद पिशवीत धान्य ठेवणारा शेतकरी या विषयात अधिक जाणता असतो. आतल्या किड्यांनी प्राणवायू संपवला तरच ते मरतात आणि पिशवीला टाचणीएवढे छिद्र राहिले तर भुंगेरे पुन्हा वळवळू लागतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते.

आता बुचाकडे यावे. काच वायूला जवळजवळ अभेद्य असते; हेलियमसारखा अतिहलका वायू सोडला तर शेतीतल्या कोणत्याही वायूची काळजी काचेबाबत करण्याचे कारण नाही. सगळा व्यवहार चकतीवर ठरतो. दिसायला सगळ्या चकत्या सारख्याच, आणि हाताला सिलिकॉनची चकती तर सर्वांत चांगली वाटते: मऊ, सुई सहज जाते, छिद्र लगेच मिटल्यासारखे दिसते. पण सिलिकॉनमधून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू ब्युटिल रबराच्या तुलनेत शेकडो पटींनी अधिक सहज पार होतात. ज्ञात पार्यतेवरून एक कच्चा हिशेब मांडता येतो. १२ मिलिलिटरची कुपी, तिच्या तोंडाचा व्यास ८ मिलिमीटर, चकतीची जाडी ३ मिलिमीटर. सिलिकॉनची चकती असेल तर दिवसाला आठ-नऊ टक्के मिथेन केवळ चकतीच्या अंगातून निघून जाईल. आठवड्यात जवळजवळ निम्मा. नैसर्गिक रबराची असेल तर तीन महिन्यांत सुमारे एक पंचमांश. ब्युटिलची असेल तर त्याच तीन महिन्यांत एक टक्क्याहूनही कमी. रबराच्या अंगातून झिरपताना हलक्या-जड रेणूंतील भेद फटीतल्या विसरणाइतका मोठा नसतो हे खरे. पण निम्मा वायू गेल्यावर त्या बारकाव्यात समाधान मानण्यासारखे काही उरत नाही. हा हिशेब सुई न टोचलेल्या, घट्ट बसलेल्या चकतीचा आहे. प्रत्यक्षातली कुपी त्याहून बिघडलेलीच असते.

म्हणून निवड सरळ आहे: ब्युटिल, क्लोरोब्युटिल किंवा ब्रोमोब्युटिल रबराची, शक्य तितकी जाड चकती. टेफ्लॉनबद्दल बराच गैरसमज आढळतो. टेफ्लॉन रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय असते, म्हणून सिलिकॉनच्या चकतीला टेफ्लॉनचा पातळ थर दिलेली झाकणे द्रव नमुन्यांसाठी लोकप्रिय आहेत. सुईने तो थर एकदा छेदला की तो मिटत नाही, आणि मग राखणदारीला सिलिकॉनच उरते. वायूसाठी असे झाकण घेणे म्हणजे कडी काढून ठेवलेल्या दाराला रंग देण्यासारखे आहे. काही रबरी बुचे स्वतःच अल्प प्रमाणात हायड्रोकार्बन सोडतात, हेही ध्यानात ठेवावे लागते. रक्त तपासणीच्या निर्वात नळ्या स्वस्त आणि तयार मिळतात म्हणून वापरण्याचा मोह होतो, पण त्यांची बुचे रक्तासाठी बनवलेली असतात. रिकाम्या नळीची तपासणी केल्याशिवाय त्या वापरू नयेत.

चकती योग्य निवडली तरी ती बसवणाऱ्या हाताचा प्रश्न उरतो. स्क्रू झाकण फार सैल असले तर फट राहते, फार आवळले तर चकती मध्ये फुगते आणि कडेला उठते. इंजेक्शनच्या बाटलीवर असते तशी ॲल्युमिनियमची टोपी दाबयंत्राने बसवली तर हा मनुष्यस्वभाव बराच आटोक्यात येतो. सुई बारीक असावी, २३ ते २५ गेजची. जाड सुई चकतीचा तुकडा कापून आत पाडते. एका चकतीला मोजकीच टोचणी द्यावी आणि एका हंगामानंतर ती टाकून द्यावी. कुपी वर्षानुवर्षे चालते. चकतीवर काटकसर करण्यात अर्थ नाही.

निर्वात कुपीबद्दलही थोडे सांगणे आवश्यक आहे. कुपीतला दाब वातावरणाच्या शंभराव्या भागापर्यंत उतरवला तरी एक टक्का जुनी हवा आत उरतेच. म्हणून आधी हेलियम किंवा शुद्ध नायट्रोजनने धुऊन मगच ती निर्वात करावी. निर्वात करून महिनाभर कपाटात ठेवलेली कुपी निर्वात राहिली आहे असे गृहीत धरू नये. भरताना १२ मिलिलिटरच्या कुपीत १५ ते १८ मिलिलिटर वायू भरला तर आतला दाब जास्त राहतो, फट असल्यास बाहेरची हवा लोटून आत येत नाही, आणि प्रयोगशाळेत दाब तपासून गळकी कुपी बाजूला काढता येते. ही पद्धत चांगली आहे, पण तिच्यावर भिस्त ठेवून सिलिकॉनची चकती वापरणाऱ्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. झिरप एकूण दाबावर चालत नाही, प्रत्येक वायूच्या आपल्या आंशिक दाबावर चालते. आत दाब वाढवला की मिथेनला बाहेर जाण्याची घाई उलट वाढतेच.

सिरिंजमध्येच नमुना ठेवून संध्याकाळी मुक्कामावर कुपीत भरण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ आहे. प्लास्टिकची सिरिंज तासाभरासाठी ठीक, दिवसभरासाठी नाही. तीन-मार्गी तोटी बंद केली तरी दट्ट्याच्या रबराकडून गळती चालू राहते. बांधावरच कुपीत भरावे. ॲल्युमिनियमचा थर असलेल्या पिशव्या रुग्णालयात श्वासचाचणीसाठी वापरतात आणि त्या काही दिवसांपुरत्या उपयोगी आहेत, पण हंगामभराच्या साठवणीला नाहीत. उन्हाचा परिणामही कमी लेखू नये. तापमान वाढले की रबराची पार्यता वाढते. जीपच्या काचेमागे दुपारभर तापलेली पेटी आणि सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवलेली पेटी यांत पुष्कळ अंतर पडते. आणि खाचराचे पाणी सिरिंजमधून कुपीत जाऊ देऊ नये. त्या थेंबात तेच मिथेनभक्षी जिवाणू असतात, आणि ते कुपीतही खातच राहतात.

कार्बन डायऑक्साइडच्या नमुन्यांना आणखी एक पथ्य आहे. उसाचे पाचट शेतात ठेवून त्यात हरभरा घेतला, तर जमिनीतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरून पाचट किती कुजले आणि हरभऱ्याच्या मुळांचा वाटा किती, हे वेगळे करता येते. त्यासाठी कार्बनचे समस्थानिक पुरेसे असतात. पण ज्यांना त्या वायूतील प्राणवायूचे समस्थानिकही पाहायचे आहेत त्यांनी नमुना भरण्यापूर्वीच कोरडा करायला हवा, कारण कुपीत बाष्पाचा थेंब जमला की कार्बन डायऑक्साइड त्या पाण्याशी प्राणवायूची अदलाबदल करतो आणि मूळ खूण पुसली जाते. येथे उत्तम बूचही कामी येत नाही.

गोव्यात काणकोण तालुक्यातील काब द राम येथे १९९३ ते २००२ या काळात समुद्रावरून येणाऱ्या हवेचे नमुने काचेच्या फ्लास्कमध्ये भरून ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओच्या प्रयोगशाळेत तपासले गेले. कार्बन डायऑक्साइडच्या समस्थानिकांची भारतातील मोलाची नोंद त्यातून उभी राहिली. पुण्याजवळ सिंहगडावरही भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने अशाच पद्धतीने हवेचे नमुने गोळा केले आहेत. समुद्र ओलांडून गेलेला नमुना विश्वासार्ह राहू शकतो, एवढे यावरून सिद्ध होते. परंतु झडप असलेला मोठा फ्लास्क आणि १२ मिलिलिटरची कुपी यांची तुलना करताना सावध राहावे. लहान कुपीत वायू थोडा आणि त्याच्या मानाने चकती मोठी. जी झिरप फ्लास्कला जाणवतही नाही ती कुपीला रिकामी करू शकते. शेतीच्या कामात एका हंगामाला शेकडो नमुने लागतात, त्यामुळे फ्लास्क परवडणार नाहीत. कुपीच वापरायची आहे, म्हणूनच तिच्याबद्दल अधिक काटेकोर राहायचे आहे.

लेसरवर चालणारी यंत्रे थेट शेतात नेता येत असताना कुप्यांचा विचार कशाला, असा आक्षेप घेतला जातो. ती यंत्रे उत्तम आहेत. पण किंमत, वीज आणि देखभाल पाहता ती मोजक्या प्रक्षेत्रांवरच राहतील, आणि एका वेळी एकाच बांधावर उभी असतील. कटकच्या परिसरातील सखल खाचर, पंजाबातील थेट पेरणीचा भात आणि कोकणातील खाजण एकाच हंगामात पाहायचे असेल तर नमुन्यालाच प्रवास करावा लागेल. दुसरा समज असा की परदेशी कुपीशिवाय हे काम होत नाही. लस आणि प्रतिजैविकांसाठी काचेच्या कुप्या व ब्रोमोब्युटिलची बुचे आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर वापरली जातात. त्यांची चाचणी घेऊन, योग्य ठरलेल्या वापरण्यात कमीपणा नाही. चाचणी न घेता वापरलेली परदेशी कुपीही तितकीच संशयास्पद.

ही चाचणी कोणत्याही जिल्ह्यात जमण्यासारखी आहे. हंगामाच्या आरंभी प्रमाण आणि समस्थानिक मूल्य माहीत असलेला वायू त्याच कुप्यांत, त्याच चकत्यांखाली, त्याच हातांनी भरावा. काही कुप्यांत नुसता शुद्ध नायट्रोजन भरावा. दर चाळीस-पन्नास नमुन्यांमागे अशा चार-पाच कुप्या असाव्यात. त्या प्रयोगशाळेत थांबू नयेत. नमुन्यांसोबत बांधावर जाव्यात, त्याच जीपमध्ये तापाव्यात, त्याच कपाटात राहाव्यात आणि त्याच दिवशी यंत्रावर चढाव्यात. ज्ञात वायू बदलला नसेल आणि नायट्रोजनच्या कुपीत मिथेन सापडला नाही, तर हंगामाचे आकडे बोलू द्यावेत. बदलला असेल, तर तो किती दिवसांत किती बदलला यावरून सरासरी दुरुस्ती करता येते. मात्र एखाद्या सैल झाकणाची एकटी कुपी त्या दुरुस्तीत बसत नाही; तिला वगळावेच लागते.

खर्चाच्या दृष्टीने पाहता हे सारे विश्लेषणाच्या बिलापुढे किरकोळ आहे. अडते ते खरेदीच्या कागदावर. ‘१२ मिलिलिटरची काचेची कुपी, सेप्टमसह’ एवढाच तपशील लिहिला तर सर्वांत कमी दराची निविदा सिलिकॉनच्या चकतीची येऊ शकते, आणि ती नाकारण्याचे कारण भांडारपालापाशी नसते. तपशिलात रबराचा प्रकार, चकतीची जाडी आणि साठ दिवसांच्या गळतीची कमाल मर्यादा लिहिलेली असावी. तसेच मिथेनच्या समस्थानिकांवर आधारलेल्या प्रत्येक अहवालात कुपीचा व चकतीचा प्रकार, नमुना घेतल्यापासून विश्लेषणापर्यंत गेलेले दिवस आणि सोबत गेलेल्या ज्ञात वायूचे निकाल हे तीन रकाने सक्तीचे करावेत. ज्या अहवालात हे रकाने रिकामे असतील त्यावरून कोणत्याही शेतकऱ्याला संवर्धकाची शिफारस केली जाऊ नये, आणि त्याच्या क्रेडिटमध्ये वाढ किंवा कपातही होऊ नये.